थॉरला थॉर राहू द्या



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीनकडे बघायला बंदी घातली होती. बंदी उठली आणि पहिल्याच दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असं काही वाचलं की गप्प बसवेना. तिथंच उत्तर लिहायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. म्हटलं, मग ब्लॉग कशासाठी आहे?

मजकूर आमच्या भाऊजींनी पाठवला होता. थोडक्यात असा: व्हायकिंग लोक मुळात वैदिकच. स्कँडिनेव्हिया म्हणजे ‘स्कंदनाभी’. त्यांचा थॉर म्हणजे आपला इंद्र, त्याचा हातोडा म्हणजे वज्र. ओडिन म्हणजे बुध किंवा बुद्ध, म्हणून त्याचा वार बुधवार. स्वीडनमध्ये जमिनीतून बुद्धाची मूर्ती निघाली. आणि त्यांच्याच ग्रंथात लिहिलं आहे की त्यांचे देव आशियातून आले. शेवटी नेहमीचं वाक्य, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. खाली अकरा जणांचे जोडलेले हात आणि नातवानं टाकलेलं सिनेमातल्या थॉरचं चित्र.

भाऊजी, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. रागावू नका. माझा राग तुमच्यावर नाही, त्या मजकुरावर आहे. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग स्वतःवर आहे. का ते आधी सांगते, कारण आपला गुन्हा लपवून दुसऱ्याची चूक दाखवणं शिक्षकाला शोभत नाही.

१९८६ सालची गोष्ट. आठवीला मी इतिहास-भूगोल शिकवत होते. युरोपचा नकाशा टांगलेला होता. नॉर्वे-स्वीडनवर छडी ठेवून मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले, "मुलांनो, स्कँडिनेव्हिया हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? स्कंदनाभी!" त्या सुमारास कुणी दिलेल्या एका पुस्तकात मी ते वाचलं होतं. पुस्तक जाड होतं, छापलेलं होतं, मराठीत होतं. एवढं मला पुरेसं वाटलं. वर्गातल्या पोरांचे डोळे चमकले. शिक्षकाला त्या चमकेचं व्यसन असतं हो. पुढची काही वर्षं मी दरवर्षी ते वाक्य त्याच ठिकाणी, त्याच आवाजात म्हणत आले.

त्या वर्गातला एक मुलगा इंजिनिअर होऊन २००४ मध्ये नॉर्वेला गेला. मागच्या दिवाळीत भेटायला आला होता. चहा झाला, फराळ झाला, आणि उठता उठता म्हणाला, "बाई, रागावणार नसाल तर एक सांगू?" नॉर्वेत गेल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं ऑफिसात जेवणाच्या वेळी मोठ्या हौसेनं ही स्कंदनाभी सांगितली. तुमचे देव आणि आमचे देव एकच, आपण सगळे मूळचे आर्य, असंही पुढे जोडलं. समोर निवृत्तीला आलेला एक नॉर्वेजियन सहकारी बसला होता. तो हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "माझ्या वडिलांनाही असंच कुणीतरी सांगितलं होतं, की आपण एकाच आर्य रक्ताचे. सांगणारे जर्मन गणवेशात होते. वडिलांनी ऐकलं नाही, म्हणून ते दोन वर्षं ग्रिनीच्या छावणीत होते."

"तो चिडला नाही, बाई. पण पुन्हा त्यानं माझ्याजवळ हा विषय काढला नाही. आणि मला कितीतरी दिवस कळलंच नाही की माझं चुकलं काय."

चुकलं त्याचं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी मी वर्गात टाकलेला खडा तिथं जाऊन लागला होता. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. चष्मा बदलला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचन चालूच आहे. त्या जोरावर हे लिहिते.

आधी नावाचं बघू. स्कँडिनेव्हिया हे नाव रोमन लेखक प्लिनी यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं, तेव्हा त्याचं रूप ‘स्कातिनाविया’ असं होतं. ‘स्क’नंतरचा तो ‘न’, ज्यावर आपला सगळा ‘स्कंद’ उभा आहे, तो पुढं नकला करताना शिरला. नावाचा शेवटचा भाग जुन्या जर्मानिक भाषेतला ‘बेट’ या अर्थाचा शब्द आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या प्रांताचं नाव स्कोने, तेही याच नावाचं झिजलेलं रूप. म्हणजे ना स्कंद, ना नाभी. उच्चार जुळतो म्हणून अर्थ जुळवायचा झाला, तर मराठीत ‘थोर’ हा शब्द आहे म्हणून थॉर कोल्हापूरचा ठरेल!

आता वारांचं. हा मुद्दा मला स्वतःला फार गमतीचा वाटला. रोमन लोकांची एक सवय होती, परका देव दिसला की त्याला आपल्या देवाचं नाव द्यायचं. इ. स. ९८ च्या सुमारास टॅसिटसनं लिहिलं की जर्मन टोळ्या सगळ्यात जास्त मर्क्युरीला भजतात. त्याचा रोख बहुधा त्यांच्या वोडनवर, म्हणजेच ओडिनवर होता. पुढं त्या टोळ्यांनी रोमनांकडून सात वारांचा आठवडा घेतला तेव्हा याच रीतीनं भाषांतर केलं. मार्सचा वार टीरला दिला, मर्क्युरीचा ओडिनला, ज्युपिटरचा थॉरला, व्हीनसचा फ्रिगला. शनीला जोडीदार मिळाला नाही, तेव्हा स्कँडिनेव्हियात शनिवारचं नाव पडलं ‘आंघोळीचा वार’. आजही त्यांच्याकडं शनिवारचं नाव तेच आहे.

तोच ग्रहांचा आठवडा ग्रीक-रोमन ज्योतिषाबरोबर आपल्याकडंही आला. आपण मर्क्युरीच्या जागी बुध ग्रह ठेवला, ज्युपिटरच्या जागी गुरू. मध्य प्रदेशात एरण इथं बुधगुप्ताच्या काळातला इ. स. ४८४ चा स्तंभलेख आहे, त्यात गुरुवारचा उल्लेख आहे. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो मोडतो. म्हणजे ओडिन आणि बुध हे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एकाच रोमन घराचे दोन वेगळे भाडेकरू आहेत ते. आणि ‘बुध’चा ‘बुद्ध’ करणं ही तर वेगळीच करामत.

भाऊजी, आता तुमचाच नियम लावून बघा. वारावरून देव ओळखायचा तर थर्सडे थॉरचा, आणि आपला तो गुरुवार. मग थॉर म्हणजे इंद्र कसा होईल? तो बृहस्पती झाला पाहिजे! हातात हातोडा, समोर दोन बोकड जोडलेला रथ, एका बैठकीत आख्खा बैल खाणारा बृहस्पती. देवगुरूंना हे रूप मानवेल का, तुम्हीच सांगा. एकाच मजकुरात बुधवारी एक नियम आणि गुरुवारी दुसरा, याला अभ्यास म्हणत नाहीत.

बुद्धमूर्तीचं मात्र खरं आहे. १९५६ मध्ये स्वीडनच्या मेलारेन सरोवरातल्या हेल्ग्यो बेटावर उत्खननात बुद्धाची छोटीशी कांस्यमूर्ती मिळाली. तळहातावर मावेल एवढी, सहाव्या शतकाच्या आसपासची, स्वात खोऱ्याकडून आलेली. किती हातांतून, किती बाजारांतून ती तिथं पोचली असेल या विचारानं मला खरंच भरून येतं. पण मजकूर लिहिणाऱ्यानं एक गोष्ट गाळली. त्याच बेटावर आयर्लंडमधल्या एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या दंडाची मूठ मिळाली आणि इजिप्तकडची कांस्याची मोठी पळीही मिळाली. मूर्तीवरून ते बौद्ध ठरत असतील, तर मुठीवरून आयरिश आणि पळीवरून इजिप्शियन ठरतील. माझ्या शोकेसमध्ये भाचीनं आणलेला आयफेल टॉवर आहे. अजून कुणी मला फ्रेंच म्हटलेलं नाही. :-)

ती मूर्ती व्यापार सांगते. व्हायकिंगांच्या थडग्यांत लालसर अकिकाचे मणी सापडतात, त्यांतले काही गुजरातच्या बाजूचे असावेत असं अभ्यासकांना वाटतं. खंबायतच्या कारागिरानं भोक पाडलेला मणी इंग्लंड-स्वीडनमधल्या थडग्यात निघतो, ही गोष्ट काय कमी अभिमानाची आहे? तिला खोट्याची फोडणी कशाला?

राहिला तो ‘त्यांच्याच ग्रंथात’चा मुद्दा. तोही अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. नॉर्स देवकथा आपल्याला मुख्यतः दोन ग्रंथांतून कळतात, दोन्ही आइसलँडमधले. एक म्हणजे जुन्या कवनांचा संग्रह, त्याची मुख्य हस्तलिखित पोथी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. दुसरा स्नोरी स्टर्लुसन नावाच्या सरदार-पंडितानं १२२० च्या सुमारास लिहिलेला गद्य एडा. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत असं खरंच आहे की ‘एसिर’ देव म्हणजे आशियातून आलेली माणसं. पण पुढं काय आहे? आशिया म्हणजे ट्रॉय नगरी, आणि थॉर हा ट्रॉयच्या प्रायाम राजाचा नातू! आइसलँडनं ख्रिस्ती धर्म घेऊन तेव्हा दोनशे वर्षं उलटली होती. स्नोरी स्वतः ख्रिस्ती. जुने देव खरे होते म्हणायची सोय नाही आणि ते टाकून द्यायला जीव होत नाही, अशी त्याची अडचण. त्यातून त्यानं त्यांना दूरदेशीचे राजे करून टाकलं. त्या काळी युरोपातल्या पुष्कळ राजघराण्यांना आपलं मूळ ट्रॉयमध्ये दाखवायची हौस होती, स्नोरीनं तेच केलं. ‘एसिर’ आणि ‘आशिया’ हा उच्चाराचा खेळ आहे. आपल्या स्कंदनाभीचाच थोरला भाऊ.

आणि ही हौस फक्त आपल्यालाच आहे असं मुळीच नाही. कॉन-टिकी तराफ्यावरून पॅसिफिक ओलांडणारा थॉर हेयरदाल आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यानं म्हातारपणी २००१ मध्ये स्नोरीच्या याच गोष्टीवर विसंबून ओडिन खरोखरचा राजा होता आणि अझोव्ह समुद्राकडून आला असं सांगणारं पुस्तक काढलं. नॉर्वेच्याच अभ्यासकांनी त्याच्या चिंधड्या उडवल्या. त्यांचा एवढा लाडका माणूस, पण चूक ती चूक. मला त्या अभ्यासकांचं कौतुक वाटतं.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे काहीच नातं नाही का? आहे ना! आणि ते ओढूनताणून आणलेल्या नात्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. त्यांच्या टीर देवाचं नाव आणि आपला ‘देव’ हा शब्द एकाच मुळातून आले आहेत. थॉर या नावाचं मूळ ‘गडगडाट’ या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतात मेघगर्जनेला ‘स्तनयित्नु’ म्हणतात तो त्याचा भाऊबंद. म्हणजे शब्दाचं नातं बघायचं तर थॉर इंद्राकडं जात नाही, थेट ढगांच्या गडगडाटाकडं जातो. त्यांच्या कथेत सृष्टीच्या आरंभी यमिर नावाचा राक्षसदेह आहे. देव त्याला मारतात आणि त्याच्या मांसाची जमीन, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश करतात. ऋग्वेदातलं पुरुषसूक्त ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर काटा येईल. यमिर आणि आपला यम ही नावंही ‘जुळा’ या एकाच अर्थाच्या शब्दातून आली असावीत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

पण चुलतभाऊ म्हणजे मुलगा नव्हे. दोन भाषा एका आजीच्या नाती आहेत म्हणून एकीनं दुसरीला जन्म दिला असं होत नाही. आमच्या घराण्याची एक शाखा चार पिढ्यांपूर्वी इंदूरला गेली. त्यांचं नाक आमच्यासारखंच आहे. म्हणून त्यांची घरं, त्यांची दुःखं, त्यांचे कुळाचार आमचे होत नाहीत.

आणि इथंच माझं खरं भांडण आहे. ‘थॉर म्हणजे इंद्र’ म्हटलं की थॉरकडं बघायचं थांबतं. उत्तर मिळालं, वही बंद! त्या लोकांचं स्वतःचं जे होतं ते दिसेनासं होतं.

काय होतं त्यांचं? त्यांचे देव मरणार होते. आणि ते त्यांना ठाऊक होतं. रॅग्नारोक म्हणतात त्या शेवटच्या लढाईत फेनरीर लांडगा ओडिनला गिळणार. थॉर पृथ्वीला वेढून बसलेल्या महासर्पाला मारणार, आणि त्याच्या विषानं नऊ पावलं चालून स्वतः कोसळणार. इंद्रानं वृत्राला मारलं, पाणी मोकळं केलं, सोमपान केलं, तो राजा राहिला. थॉर आज ज्या सापाशी झुंजतो तोच आपला काळ आहे हे त्याच्या नशिबात लिहिलेलं आहे. हे दोघे एकच?

ओडिन ज्ञानासाठी एक डोळा देतो. लिपीचं रहस्य कळावं म्हणून नऊ रात्री झाडाला टांगून घेतो, स्वतःच स्वतःला बळी देतो. टीरची गोष्ट तर मला वर्गात सांगायला मिळाली असती तर काय हवं होतं! लांडग्याला जादूच्या दोरीनं बांधायचं आहे. त्याला संशय येतो. तो म्हणतो, तुमच्यापैकी एकानं हमी म्हणून माझ्या जबड्यात हात घाला. हे कपट आहे हे सगळ्या देवांना माहीत आहे. फक्त टीर पुढं होतो, हात घालतो, आणि हात गमावतो. वचन खोटं, पण त्याची किंमत मोजणारा खरा. यावर आठवीच्या पोरांनी तासभर वाद घातला असता. मी त्यांना काय दिलं? एक खोटी व्युत्पत्ती.

जगाचा शेवट झाल्यावर समुद्रातून पुन्हा हिरवी पृथ्वी वर येते, झाडात लपलेलं एक जोडपं वाचतं, मेलेला बाल्डर परत येतो, असंही त्यांच्याकडं आहे. काहींना यात ख्रिस्ती रंग दिसतो. दिसू शकतो, कारण लिहिणारे हात ख्रिस्तीच होते. या विषयाशी प्रामाणिक राहायचं तर हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

साध्या माणसांचा धर्म तर आणखी वेगळा. ‘धर्म’ अशा अर्थाचा वेगळा शब्दसुद्धा त्यांच्याकडं नव्हता, ते ‘रीत’ म्हणत. बायाबापड्या गळ्यात थॉरचा छोटा हातोडा घालत. डेन्मार्कमध्ये दहाव्या शतकातला दगडी साचा सापडला आहे, त्यात हातोडा आणि क्रूस दोन्ही ओतता येतात. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं! आइसलँडच्या जुन्या कायद्याबद्दल असं सांगतात की किनारा दिसू लागला की जहाजाच्या तोंडावरचं अक्राळविक्राळ डोकं काढून ठेवायचं, नाहीतर त्या भूमीचे रक्षक आत्मे घाबरतील. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा वेशीवरचा देव आठवला. पण मी ‘तो हाच’ असं म्हणणार नाही. आठवण होणं वेगळं आणि कब्जा करणं वेगळं.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, नाहीतर नातू म्हणेल आजी फक्त म्हाताऱ्यांनाच झोडते. बाळा, तुझ्या सिनेमातला थॉर आणि लोकी भाऊ-भाऊ आहेत. एडातला लोकी ओडिनचा रक्तमित्र आहे, थॉरचा भाऊ नव्हे. तू ग्रुपवर व्हायकिंगचं शिंगांचं शिरस्त्राण टाकलंस ना? तसं एकही सापडलेलं नाही. १८७६ मध्ये वाग्नरच्या संगीत नाटकासाठी डोप्लर नावाच्या चित्रकारानं तसे पोशाख केले आणि तिथून ती शिंगं जगाच्या डोक्यावर बसली. नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेलं खरं व्हायकिंग शिरस्त्राण गोल आहे, साधं आहे, बिनशिंगाचं आहे. डेन्मार्कची शिंगवाली शिरस्त्राणं आहेत, पण ती व्हायकिंगांच्या दीड हजाराहून जास्त वर्षं आधीची. भाऊजींची स्कंदनाभी आणि तुझी शिंगं, माल एकच. दोन्ही दुसऱ्याच्या डोक्यावर आपल्या सोयीचं काहीतरी बसवणं.

आणि त्यांना फार गोंडसही करू नये. ९२२ मध्ये बगदादचा दूत इब्न फदलान यानं व्होल्गा नदीकाठी रूस लोकांच्या सरदाराचा अंत्यविधी डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. सरदाराबरोबर एका गुलाम मुलीला मारलं गेलं. ती ‘स्वखुशीनं’ तयार झाली असं लोक म्हणत. तिला नशा पाजली होती, आणि तिचा आक्रोश बाकीच्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून पुरुष ढाली बडवत होते. ‘स्वखुशी’ हा शब्द आणि वाद्यांचा गजर, आपल्याकडच्या चितांजवळही हे दोन्ही होतं. इथं साम्य दाखवायला मात्र कुठलाच अभिमानी मजकूर पुढं येत नाही.

"पण वहिनी, यात नुकसान काय? पोरांना जरा अभिमान वाटला तर काय बिघडलं?" भाऊजी हे नक्की म्हणणार. ऐका तर.

पहिलं नुकसान पोरांचंच. खोट्यावर उभा केलेला अभिमान जेवणाच्या टेबलावर, पहिल्याच जाणकार माणसासमोर कोसळतो. त्याबरोबर खरंही कोसळतं. उद्या तो खंबायतचा मणी खरा असला तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुसरं, आपल्याला जे आवडलं नाही ते आपण दुसऱ्याला करू नये. अठराव्या शतकात विल्यम जोन्ससारख्या मोठ्या पंडितानं आपले देव ग्रीक-रोमन देवांच्या खणांत बसवले, गणपतीची जोडी रोमनांच्या जेनसशी लावली. आपल्याला ते कसं वाटतं? गणपती गणपती आहे! मग थॉरलाही थॉर असू द्या.

तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. ‘आपण सगळे एकाच आर्य रक्ताचे’ हे वाक्य निरागस राहिलेलं नाही. भाषांच्या नात्यावरून रक्ताचं नातं काढायचं, आणि रक्तावरून उच्च-नीच ठरवायचं, हा उद्योग एकदा होऊन गेला आहे. नाझींच्या एसएस दलाच्या गणवेशावरची ती दोन विजेसारखी अक्षरं रून लिपीवरून घेतली होती. १९३५ मध्ये हिमलरनं आर्य पूर्वजांचा वारसा शोधण्यासाठी आख्खी संस्था काढली. १९३८-३९ मध्ये त्याच्या आश्रयानं एक जर्मन मोहीम सिक्कीममार्गे तिबेटात गेली, तिथं माणसांची डोकी मोजत फिरली. १९४० ते १९४५ नॉर्वेवर जर्मनांचा ताबा होता. त्या काळात नॉर्वेच्या लोकांना त्यांच्याच देवांची, त्यांच्याच पूर्वजांची नावं घेऊन सैन्यात बोलावलं जात होतं. आजही तिकडचे वंशवादी थॉरचा हातोडा अंगावर गोंदवून फिरतात, आणि आइसलँडमध्ये १९७२ पासून जुन्या रीतीनं देवांना मानणारा जो छोटा पंथ आहे, त्याला आमचा या लोकांशी संबंध नाही असं सांगावं लागतं. ज्याच्या घरात ही जखम आहे त्याच्यापुढं आपण हसत हसत तेच वाक्य म्हणतो. माझ्या विद्यार्थ्यानं म्हटलं. मी शिकवलं म्हणून म्हटलं.

एक शेवटची गोष्ट सांगते. ती कवनांची जुनी पोथी १६४३ मध्ये आइसलँडच्या एका बिशपच्या हाती आली. १६६२ मध्ये त्यानं ती डेन्मार्कच्या राजाला भेट म्हणून पाठवली. पंचेचाळीस चामडी पानं, मधली आठ हरवलेली. तीनशे वर्षांनी, २१ एप्रिल १९७१ ला, डेन्मार्कनं ती जहाजानं परत पाठवली. रेक्याविकच्या बंदरावर हजारो लोक पालखीची वाट बघावी तसे उभे होते. त्या देवांना मानणारं त्यांच्यात फारसं कुणी नव्हतं. पण ती गोष्ट त्यांची होती. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आज वाटतं, ज्यांनी ती पंचेचाळीस पानं एवढी जपली त्यांना आपण जाऊन सांगायचं, की अहो, हे तर आमचंच?

असो. फार लांबलं. त्या १९८६ च्या आठवीतलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते: बाईंनी चुकीचं शिकवलं होतं. खोडून टाका. स्कँडिनेव्हियाचा स्कंदाशी संबंध नाही. आणि शक्य झालं तर आपल्या मुलांना टीरच्या हाताची गोष्ट सांगा.

भाऊजी, रविवारी जेवायला या. पुरणपोळी करते. भांडू, पण पोटभर जेवून भांडू.

तुम्हा सगळ्यांच्या प्रतिक्रियांची वाट बघते. चूक सापडली तर निःसंकोच दाखवा. या वयात दुरुस्ती करायची सवय लागली आहे, ती मोडायची नाही.